सायकल ‘लेडीज’ हवी की मापाची?

भंडारा, मोहाडी, साकोलीकडच्या शाळांसमोर उभ्या असलेल्या मुलींच्या सायकली लगेच ओळखू येतात, कारण त्यांना आडवी दांडी नसते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. त्यातून घरी येते ती बहुधा ‘लेडीज सायकल’.

ही दांडी खाली आली ती कपड्यांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या घोळदार झग्यांची सोय म्हणून तशी फ्रेम घडली. आपल्याकडे ती साडीला आणि पंजाबी ड्रेसला मानवली. बाईच्या हातापायांचं माप त्यात कुणी धरलंच नव्हतं.

ते धरलं जॉर्जिना टेरी या अमेरिकी अभियंता बाईंनी. १९८५ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. बुटक्या बाईसाठी फ्रेम आखूड केली की वळताना पाय पुढच्या चाकाला घासतो. म्हणून त्यांनी पुढचं चाकच लहान, २४ इंची केलं. पुढे मोठ्या कंपन्याही या वाटेनं गेल्या. बायकांचे पाय लांब आणि धड आखूड, तेव्हा त्यांना हँडल जवळ हवं, असा हिशेब मांडला गेला.

हिशेब पुरता जुळला नाही. स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीनं हजारो सायकलस्वारांची मापं तपासली, तेव्हा स्त्री-पुरुषांमधल्या फरकापेक्षा दोन बायकांमधलाच फरक जास्त निघाला. २०१९ पर्यंत कंपनीनं रोड बाइकच्या, म्हणजे रस्त्यावर वेगानं चालवायच्या सायकलींच्या, स्वतंत्र महिला फ्रेम बंद केल्या. जायंट या सायकल कंपनीचा ‘लिव्ह’ हा ब्रँड मात्र आजही बायकांसाठी वेगळी फ्रेम बनवतो.

मग रोड बाइक घेतलेल्या कित्येकींची मान आणि मनगटं का भरून येतात? भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर. दुकानात सहज मिळणारी फ्रेम बरेचदा त्याहून उंच माणसाच्या मापाची असते. सीट खाली घेतली तरी हँडल लांबच राहतं.

काही गोष्टी बदलता येतात. हँडल खांद्यांच्या रुंदीएवढं असावं. बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर सरासरीनं जास्त असतं, त्यामुळे पुष्कळजणींना मागून रुंद सीट सोसवते. तरी ते अंतर मोजून सीट घेतलेली बरी. ब्रेकचा खटका लहान बोटांच्या आवाक्यात आणता येतो. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला, तर सीटची उंची साधारण जमली.

फ्रेमच मोठी असेल तर हे उपाय तोकडे पडतात. हँडलला धरणारा स्टेम फार आखूड केला की सायकलीचं वळणं बदलतं. अशा वेळी दुकानदाराला लहान फ्रेम मागवायला सांगावं, मग तिच्यावर ‘महिला’ असं लिहिलेलं असो वा नसो.