खांदेरी : दिवसाची लढाई आणि रात्रीचं काम

भंडाऱ्यात उभं राहून समुद्रातल्या लढाईवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. पण वैनगंगेत डोंगा चालताना ज्यानं पाहिलाय, त्याला खांदेरीची लढाई लवकर समजेल असं मला वाटतं. कसं ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. या लढाईतले मायनाक भंडारी हे आपल्या भंडाऱ्याचे नव्हेत. (हशा) भंडारी हा कोकण किनाऱ्यावरचा समाज. माडी काढणारा, दर्यावर्दी आणि शिपाईगिरी करणारा.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. अलिबागजवळ थळ नावाचं गाव आहे. तिथून समुद्रात पाहिलं की दोन बेटं दिसतात. किनाऱ्याजवळची उंदेरी, त्यापलीकडे खांदेरी. मुंबई बंदरात शिरणारं जहाज खांदेरीवरून दिसतं. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईला आसऱ्याला असायचं आणि इंग्रज ते राहू द्यायचे. सिद्दी आणि इंग्रज, दोघांवर एकाच ठिकाणाहून नजर ठेवायची तर खांदेरीसारखी जागा नाही. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे बांधकामाचा प्रयत्न केला होता, पण तो तडीस गेला नाही.

ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि तटबंदीला सुरुवात झाली. इंग्रज म्हणाले, बेट आमचं आहे, खाली करा. बेटावरून कोणी हललं नाही. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्प शिबाड घेऊन बेटाला भिडला आणि मारला गेला.

मग आला १८ ऑक्टोबर. ही तारीख इंग्रजांच्या त्या वेळच्या पंचांगाप्रमाणे. दौलतखान मराठ्यांचं आरमार घेऊन किनाऱ्याकडून निघाला. आकडे वेगवेगळे मिळतात, चाळीस म्हणा, साठ म्हणा. समोर इंग्रजांची आठ जहाजं, त्यात सर्वांत मोठं ‘रिव्हेंज’, त्यावर कॅप्टन केग्विन. (हाच केग्विन पुढे १६८३ मध्ये मुंबईत कंपनीविरुद्धच बंड करून बसला. तो एक वेगळाच विषय आहे.) थोड्याच वेळात ‘डव्ह’ नावाच्या इंग्रजी जहाजानं निशाण उतरवलं, बाकीची बरीचशी मागे पळाली. ‘रिव्हेंज’ मात्र टिकून राहिलं. त्यानं मराठ्यांची काही गलबतं बुडवली आणि आरमाराला मागे फिरावं लागलं.

मग जिंकलं कोण? त्या एका दिवसापुरतं विचाराल तर इंग्रजही म्हणतील आम्ही, आणि त्यात काही खोटं नाही. आपल्याकडे ही लढाई सांगताना हा भाग गाळला जातो. मला ते पटत नाही. कारण तो गाळला की खरी गंमतच हातातून जाते.

खरी लढाई रात्री चालू होती. बेटावर दगड, चुना, धान्य, माणसं पोचली नाहीत तर तट उभा राहणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. इंग्रजांनी वेढा घातला, पुढे सिद्दीही येऊन मिळाला. तरी अंधारात थळकडून होड्या निघायच्या आणि बेटाला लागायच्या. इथे आपला डोंगा आठवा. त्याला पाणी किती लागतं? गुडघाभर पुरतं. तशाच या होड्या हलक्या, उथळ बुडाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की ‘रिव्हेंज’सारखं मोठं जहाज जागेवर खिळायचं, खडकाळ उथळ पाण्यात तर ते शिरूच शकत नव्हतं. वल्हं मारणाऱ्याला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. सिद्दीनं मात्र शेजारची उंदेरी बळकावून तिथे तटबंदी केली, म्हणजे प्रश्न पूर्ण सुटला नाहीच.

आता आठवणीकडे वळू. भारतीय नौदलात ‘खांदेरी’ नावाची पहिली पाणबुडी १९६८ ला आली, दुसरी २८ सप्टेंबर २०१९ ला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा मराठा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे. बेटाचं अधिकृत नाव १९९८ पासून ‘कान्होजी आंग्रे बेट’. कान्होजी मोठेच, १७१८ चा इंग्रजांचा हल्ला त्यांच्याच काळात परतला. पण बेटावर पहिला दगड ठेवणाऱ्याचं नाव या सगळ्यात कुठे आहे? आणि गंमत बघा, मायनाकचं नाव आपल्याला मुख्यतः कळतं ते त्याच्या शत्रूच्या, म्हणजे मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांतून. तेही वेडंवाकडं लिहिलेलं. रात्रीच्या होड्या वल्हवणाऱ्यांची तर तेवढीही नोंद नाही.

बेटावर आज १८६७ चं दीपगृह आहे, चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत, आणि वेताळाचं देऊळ आहे. त्या देवळाला किनाऱ्यावरचे कोळी अजूनही होडीनं जातात.