नागपूरकर भोसल्यांचा राजवाडा

नागपूरच्या जुन्या वस्तीतील एका भागास आजही ‘महाल’ म्हणतात. येथील भोसल्यांचा जुना राजवाडा इ. स. १८६४ मध्ये जळाला, एवढ्या एका वाक्यात त्याचा इतिहास सहसा आटोपला जातो. परंतु आग हे त्या वास्तूच्या विनाशाचे केवळ अखेरचे कारण होय. खरा विनाश त्यापूर्वी दहा वर्षे सुरू झाला होता.

देवगडच्या गोंड राजांकडून पहिल्या रघुजी भोसल्यांच्या हाती सत्ता आली आणि नागपूर मराठी राज्याची राजधानी झाले. येथील राजवाडा काळ्या पाषाणाचा असून त्यावर लाकडी कोरीवकामाची विपुल शोभा होती. युरोपातील बरोक शैलीचे नगरप्रासाद बहुधा सरदारांचे असत. हा वाडा मात्र स्वतःच राज्यसत्तेचे पीठ होता. नागपूरच्या पश्चिमेकडील कळमेश्वर, काटोल यांच्या परिसरातील काळ्या जमिनीचा सारा याच सत्तेकडे येई. म्हणजे वाड्याचे वैभव राज्याच्या उत्पन्नावर उभे होते. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक व वऱ्हाड गेले; १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर स्वातंत्र्यही उरले नाही.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाचा हक्क अमान्य करून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. हत्ती, घोडे, बैल लिलावात अल्प किमतीस गेले; जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. सामान हलविल्यास वाड्यास आग लावीन, असे वृद्ध राणी बाकाबाई म्हणाल्याची नोंद इंग्रज इतिहासकार जॉन के याने केली आहे. सामान हलविले गेलेच. पुढे दत्तक जानोजींना ‘देऊरचे राजेबहादूर’ ही पदवी मिळाली. राज्य मिळाले नाही.

१८६४ च्या आगीतून भव्य प्रवेशद्वार, म्हणजे नगारखाना, तेवढा वाचला. बाकाबाईंचे उद्गार व ही आग यांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह होतो; पण त्या १८५८ मध्येच निवर्तल्या होत्या. तो संबंध काल्पनिक ठरतो. तथापि त्या उद्गारातील अर्थ महत्त्वाचा आहे. सामान गेले की राहते ती केवळ इमारत, हे त्या राणीने ओळखले होते. म्हणून या वाड्याच्या इतिहासात १८६४ पेक्षा १८५४ या वर्षास अधिक महत्त्व देणे युक्त होय. आगीने दगड-लाकूड नेले. त्यांत नांदणारे राज्य आधीच गेले होते.