द्विउपयोगी तंत्रज्ञान आणि बंदीची रेषा

शस्त्रनियंत्रणाविषयी चार शब्द बोलावयास कोठेही उभे राहिले, की श्रोत्यांतून एक पृच्छा हटकून येते: जे तंत्र रुग्णालयात आणि कारखान्यात उपकारक, तेच रणांगणावर संहारक, तर त्यावर बंदी घालावयाची कशी, आणि तीही त्याचा युद्धात वापर होण्यापूर्वी? सूर प्रश्नाचा असला तरी ‘हे अशक्य आहे’ असा निकाल त्यात आधीच लिहिलेला असतो, आणि तो इतक्या विद्वान मुखांतून इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की, आता दप्तरातील कागदच पुढे मांडणे मला प्राप्त वाटते.

लेसरचेच पाहा. शत्रुसैनिकाची दृष्टी एका किरणाने कायमची हिरावून घेता येईल इतकी त्या विद्येची प्रगती झाल्याचे दिसताच स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांनी १९८६ मध्ये हा विषय रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे आणला. १९८९ ते १९९१ या काळात रेडक्रॉसने तज्ज्ञांच्या बैठका घेतल्या. आणि १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्ना येथे अंधत्व आणणाऱ्या लेसर शस्त्रांवर बंदी घालणारा जोडकरार संमत झाला. तेव्हा एक चिनी बनावटीचे असे शस्त्र प्रदर्शनांत विक्रीस मांडलेले होते, आणि अमेरिकी सैन्याने त्याच जातीची आपली एक योजना त्याच सुमारास रद्द केली. म्हणजे सैन्ये अशा शस्त्रांनी सज्ज होण्यापूर्वीच बंदी आली. आता बंदी कशावर आली, हे नीट वाचावे. लेसरवर नव्हे, दृष्टी कायमची नष्ट करण्यासाठीच खास योजलेल्या लेसर शस्त्रावर. अंतर मोजणारे लेसर, क्षेपणास्त्रास वाट दाखविणारे लेसर आणि दृष्टिपटलावर उपचार करणारा नेत्रवैद्याचा लेसर हे तिन्ही आजवर निर्वेध चालू आहेत. भारतानेही या जोडकरारास मान्यता दिलेली आहे.

यावर पुन्हा आक्षेप येतो की, हेतू मनात असतो, तो तपासणार कसा? रसायनशास्त्राने हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे, आणि तरीही तो अनुत्तरित असल्याच्या थाटात विचारला जातो याचा खेद वाटतो. थायोडायग्लायकॉल हे द्रव्य बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगकामात लागते. त्याच्यापासूनच मस्टर्ड वायूही बनतो. १९९७ मध्ये अंमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारनाम्याने या द्रव्यास हद्दपार केले नाही. विषारी द्रव्याचा प्रकार आणि साठा शांततामय गरजेशी जुळतो की नाही, ही त्याची कसोटी; अशा द्रव्याचे ठरावीक मर्यादेपलीकडे उत्पादन करणाऱ्या कारखान्याने त्याची नोंद द्यावयाची, आणि निरीक्षकांनी जागेवर येऊन तपासणी करावयाची. हेतू मनात असेल, पण टनांचा हिशोब कागदावर उतरतोच. भारताने रासायनिक शस्त्रांचा आपला घोषित साठा २००९ मध्ये पूर्णपणे नष्ट केला. जगातील ७२ हजार टनांहून अधिक घोषित साठ्याचा शेवटचा भाग जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत नष्ट झाला.

करार मोडले जातात हे खरे आहे, आणि ते मी दडवीत नाही. १९७२ च्या जैविक शस्त्रबंदी करारावर सही करून सोव्हिएत संघाने त्या शस्त्रांचा अवाढव्य गुप्त उद्योग चालविला. परंतु त्या करारात तपासणीची तजवीजच नव्हती. यावरून तपासणीची आवश्यकता सिद्ध होते, कराराची निरर्थकता नव्हे.

वापरापूर्वीच शस्त्रावर बंदी घालण्याची ही कल्पना अलीकडची आहे, हाही एक समज. १८६८ मध्ये मऊ वस्तूस लागताच फुटणाऱ्या बंदुकीच्या गोळीवर बंदी यावी म्हणून सेंट पीटर्सबर्ग येथे परिषद बोलाविली ती रशियाने, आणि अशी गोळी सिद्ध झाली होती ती रशियातच. निर्बंधाने विज्ञान खुंटते असे म्हणणाऱ्यांनी आकाशाकडे पाहावे: १९६७ च्या करारान्वये पृथ्वीच्या कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास मनाई आहे, आणि उपग्रहांना काही कमी नाही.

हे सारे आज सांगावयाचे कारण असे की, माणसाच्या आज्ञेवाचून लक्ष्य निवडून मारणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांविषयी २०१४ पासून जिनेव्हात चर्चा चालू आहे, आणि तेथेही तोच जुना युक्तिवाद पुढे येतो: पिकावरील रोग ओळखणारी आज्ञावली आणि माणूस हेरणारी आज्ञावली यांची विद्या एकच, तेव्हा बंदी नको. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत या शस्त्रांविषयीच्या ठरावास भारताने विरोधी मत दिले. या विषयाचे योग्य व्यासपीठ जिनेव्हाचेच, अशी आपली भूमिका आहे. मला त्या मताचे दुःख झाले, पण भूमिकेतील एक गोष्ट मी मानतो. लेसरवरील जोडकरार ज्या मूळ कराराच्या छत्राखाली झाला, त्याच छत्राखाली ही चर्चा चालते, आणि तेथील तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद २०१७ व २०१८ मध्ये भारतीय प्रतिनिधीकडे होते. १९९५ च्या मसुद्यात बंदीची रेषा किरणाभोवती नव्हे, तर एका विशिष्ट कृत्याभोवती आखली गेली. आज्ञावलीस हात न लावता, माणसाचा प्राण घेण्याचा निर्णय यंत्राकडे सोपविण्याच्या कृत्याभोवती तशीच रेषा आखणारे कलम भारतानेच लिहून तेथे मांडावे.