डोळ्यामागचे सहा स्नायू आणि लोखंडाची कणी

चऱ्होलीतून रोज सकाळी माणसं भोसरीच्या एमआयडीसीत किंवा इंद्रायणी ओलांडून चाकणला कामाला जातात. त्यांतले कित्येक लेथवर, ग्राइंडरवर उभे राहतात. त्यांच्यापैकी कुणाला रस्ता दोन-दोन दिसू लागला, तर डॉक्टर स्कॅन सांगतात. तो कुठला, हे ठरवताना त्याच्या कामाचीही चौकशी व्हायला हवी.

दोन-दोन दिसण्याचं मूळ डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत असू शकतं. हे स्नायू सहा: चार सरळ, दोन तिरके. ते डोळ्याच्या खोबणीतल्या चरबीत असतात. सीटी स्कॅनवर चरबी काळी आणि स्नायू करडे दिसतात, म्हणून त्यांची जाडी मोजता येते. थायरॉईडच्या आजारात स्नायूचा मधला भाग फुगतो, डोळ्याला जोडणारा कंडरा मात्र बहुधा बारीकच राहतो. सहसा आधी खालचा स्नायू सुजतो, मग नाकाकडचा. मायोसायटिसमध्ये, म्हणजे स्नायूच्या दाहात, बऱ्याचदा कंडराही सुजतो आणि डोळा हलवताना दुखतो. सर्वांत मोठी भीती खोबणीच्या टोकाशी असते. तिथे सुजलेले स्नायू दृष्टीची नस दाबतात आणि नजर जाऊ शकते. मायस्थेनियात, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजारात, स्नायू बहुतेकदा ठीकच दिसतात. तिथे थायमस ग्रंथीच्या गाठीसाठी छातीचा स्कॅन करतात.

हाड पाहायला सीटीच उत्तम. डोळ्याला मार बसून खोबणीचा तळ फुटला, की खालचा स्नायू फटीत अडकू शकतो. लहान मुलांत तर डोळा बाहेरून पांढराशुभ्र दिसतो, पण मूल उलट्या करतं, नाडी मंदावते. तिथे शस्त्रक्रियेला उशीर परवडत नाही.

एमआरआयचं बळ वेगळं. चरबीचा उजेड दाबला की सुजेतलं पाणी चमकतं, आणि सूज ताजी आहे की स्नायू जुन्या व्रणाने आखडलाय, याचा अंदाज येतो. ताजी सूज औषधाला दाद देते. आखडलेल्या स्नायूला पुढे बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते. उपचाराची दिशा ठरवणारं हे चित्र मला फार मोलाचं वाटतं.

पण नेहमीच्या 1.5 टेस्लाच्या एमआरआयचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जोरकस असतं. लेथवर, ग्राइंडरवर काम करताना उडून डोळ्यात राहिलेली लोखंडाची कणी त्यात सरकू शकते. अशा कणीमुळे एमआरआयनंतर एका रुग्णाचा डोळा गेल्याची नोंद 1986 मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. म्हणून शंका असली, तर आधी खोबणीचा एक्स-रे किंवा सीटी काढतात.

एमआरआयआधी भरायच्या अर्जात डोळ्यात कधी धातू गेला होता का, हे विचारतात. कणी वीस वर्षांपूर्वी गेली असेल, कंपनीच्या दवाखान्यात काढलीही असेल, तरी ते सांगा. घरातल्या निवृत्त लेथवाल्यालाही सांगायला लावा.