शेक देणारं यंत्र

आमच्या नगर जिल्ह्यात कर्करोगावरच्या किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात. “आईला पंचवीस शेक सांगितलेत,” असं एसटीत शेजारी बसलेला माणूस म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला गरम विटेचा शेक आठवतो. किरणोपचाराच्या खोलीत गरम असं काहीच नसतं. तिथे असतो लिनॅक, म्हणजे रेषीय कणत्वरक. जिनिव्हाजवळ जमिनीखाली 27 किलोमीटर घेराचा जो कणत्वरक आहे, त्याच घराण्यातलं हे धाकटं यंत्र.

तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. मॅग्नेट्रॉन नावाची नळी त्यांच्यासाठी सूक्ष्मलहरी तयार करते. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये असतो तो तिचाच लहान भाऊबंद, आणि हे घराणं मोठं झालं ते दुसऱ्या महायुद्धातल्या रडारसाठी. तांब्याच्या पोकळ्यांच्या नळीत या लहरी सेकंदाला सुमारे 300 कोटी वेळा हेलकावतात. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का द्यावा, तसा प्रत्येक पोकळीत इलेक्ट्रॉनला धक्का बसतो आणि हातभर अंतरात तो प्रकाशाच्या वेगाचे 99 टक्के ओलांडतो. पुढे टंगस्टनवर आदळला की क्ष-किरण निघतात. 1953 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अशा यंत्रावर पहिल्यांदा रुग्णावर उपचार झाले. किरणोपचाराच्याच कोबाल्टच्या यंत्रातला स्रोत रात्रंदिवस किरण सोडतो आणि सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. लिनॅकचं बटण बंद केलं की किरण बंद.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1988 च्या अखेरीस 14 दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन हा कणत्वरक सुरू झाला. अणुगर्भ कसा वागतो हे तिथे आजही तपासतात. याच संस्थेतल्या सूक्ष्मलहरींच्या गटातून 1984 साली पवईची ‘समीर’ ही संस्था उभी राहिली. तिनं कर्करोगासाठी 6 एमव्हीचा (दशलक्ष व्होल्टचा) देशी लिनॅक घडवला आणि तो सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसला. मला या साऱ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. खारघरला टाटा स्मारकच्या केंद्रात 2023 पासून सायक्लोट्रॉन या त्वरकातल्या प्रोटॉननी उपचार होतात, तेही मोठंच काम. पण प्रोटॉन मोजक्यांना लागतात, साधा लिनॅक हजारोंना.

खोलीच्या भिंती दोन-दोन मीटर जाड काँक्रीटच्या, आत जायची वाट वळणाची. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण असेल तर चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा, तो टेबलाला खिळवलेला. मान तसूभर हलता कामा नये. भिंतीवरून लेझरच्या लाल रेषा येतात आणि मुखवट्यावरच्या खुणांशी जुळवल्या जातात. मग सगळे बाहेर जातात, दार लागतं आणि यंत्राचा जड हात रुग्णाभोवती फिरतो. किरण लागतात ते काही मिनिटंच. दुखत नाही.

दुखतं ते अंतर. हा शेक आठवड्यातले पाच दिवस, पाच ते सात आठवडे घ्यायचा असतो. रोज थोडाच देतात, कारण निरोगी पेशी मधल्या वेळात सावरतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. जिल्ह्यात लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात किरणोपचार विभाग आहे, पण जामखेडच्या माणसाला लोणी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. त्याला सोलापूर जिल्ह्यातलं बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय जवळ पडतं. कांदा काढणीला आला की एक दिवस चुकतो, मग दोन. उरलेल्या पेशींना वाढायला तेवढी फट पुरते. म्हणून लिनॅक आणखी किती हवेत याच्याइतकाच प्रश्न आहे तो रुग्णालयाच्या आवारात दीड महिना पाठ टेकायला खोली मिळण्याचा.

तुमच्या घरात कुणाला शेक सांगितला असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. किरणांची जागा जुळवण्यासाठी त्वचेवर केलेल्या खुणा पुसू देऊ नका. आणि बरं वाटायला लागलं म्हणून शेवटचे पाच शेक सोडू नका.