कादंबरीतले मन, पडद्यावरचा उजेड

'तिच्या मनात कालवाकालव झाली' असे लिहायला लेखकाला अर्धी ओळ पुरते. कॅमेऱ्याला मन दिसत नाही. दिसतो चेहरा, भिंत, दारातून आलेली तिरीप. म्हणून साहित्यकृतीचा चित्रपट होताना आतले सारे बाहेर मांडावे लागते, आणि त्यातला मोठा वाटा प्रकाशयोजना व भिंग उचलतात.

मराठी चित्रपटाने हे लवकर ओळखले. 'प्रभात' फिल्म कंपनीचा 'अमृतमंथन' (1934) ना. ह. आपटे यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवर आधारलेला होता. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहनने रंगवलेल्या राजगुरूचा डोळा टेलिफोटो भिंगाने टिपला आहे. हे भिंग दूरची वस्तू जवळ ओढते आणि मागचापुढचा अवकाश चपटा करते. पडदाभर एकटा डोळाच उरतो. त्या माणसाच्या क्रौर्याबद्दल मग संवाद लागत नाही.

याच आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरचा 'कुंकू' (1937) अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. कॅमेरा व्ही. अवधूत यांचा. तरुण नीरा (शांता आपटे) म्हाताऱ्या बिजवराच्या, काकासाहेबांच्या (केशवराव दाते) गळ्यात बांधली जाते. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांत तिच्या अनेक प्रतिमा दिसतात, तेव्हा कादंबरीतले पानभर स्वगत एका चौकटीत येते. काकासाहेबांचे जुने घड्याळ त्यांच्या वयाची आठवण करून देते. या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आवाज येतात ते घरातल्या आणि रस्त्यावरच्या गोष्टींचे. भावना सुचवण्याचे ओझे त्यामुळे प्रतिमांवरच पडले, आणि त्यांनी ते पेलले.

तंत्र तसे साधे आहे. चेहऱ्यावर एका बाजूने मुख्य दिवा पडतो. दुसऱ्या बाजूची सावली उजळायला पूरक दिवा किंवा नुसता पांढरा थर्माकोल धरतात. पूरक उजेड काढून घेतला की अर्धा चेहरा काळोखात जातो आणि तोच माणूस काहीतरी लपवतो आहे असे वाटू लागते. दिवा हनुवटीखाली आणला की तो भेसूर दिसतो. ही शेवटची युक्ती रहस्यपटांनी इतकी झिजवली की साहित्यावरच्या चित्रपटाने तिच्या वाटेला न गेलेले बरे.

'सिंहासन' (1979) अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला. रंगीत चित्रपट रुळलेले असतानाही जब्बार पटेलांनी तो कृष्णधवल केला. वार्ताहराच्या नजरेतून उलगडणाऱ्या या गोष्टीला त्यामुळे वृत्तपत्री छायाचित्राचा पोत मिळाला.

'बनगरवाडी'ची अडचण वेगळी. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी (1955) तरुण मास्तर प्रथमपुरुषी सांगतो. पडद्यावर मात्र 'मी' चौकटीत उभा राहतो आणि इतरांसारखा एक होतो. अमोल पालेकरांच्या चित्रपटात (1995) देबू देवधरांच्या कॅमेऱ्याला त्या मास्तरइतकेच माळरानही सांभाळावे लागले. दुष्काळात वाडी ओस पडते, हे दुःख जवळच्या चेहऱ्यापेक्षा उघड्या माळावरच्या लहानशा आकृतीत जास्त बोचते.

मराठी-कन्नड सीमाभागातल्या, भालकी-बिदरकडच्या द्विभाषिक वाचकाला येथे कन्नड 'घटश्राद्ध' (1977) आठवावा. यू. आर. अनंतमूर्तींच्या कथेवरचा हा गिरीश कासरवळ्ळींचा कृष्णधवल चित्रपट एस. रामचंद्र यांनी चित्रित केला. विधवा यमुनेची परवड वेदपाठशाळेतला लहानगा नाणी पाहतो, आणि मोठ्यांचे जग त्याच्या नजरेच्या उंचीवरून दिसत राहते. त्याला जे कळत नाही ते प्रेक्षकाला कळते. सारी कळ त्या फरकात आहे. सीमाभागाच्या ओळखीचे दुसरे उदाहरण 'जोगवा' (2009): राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा आधार असलेल्या, यल्लम्माला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या या कथेत भंडाऱ्याचा पिवळा रंग भक्तीचाही आहे आणि सक्तीचाही.

'श्वास'मध्ये (2004) विषयच दृष्टीचा आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेतल्या लहान परशाला डोळ्याचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर नजर जाणार. संदीप सावंत यांच्या दिग्दर्शनात संजय मेमाणे यांचा कॅमेरा शहरातले रुग्णालय आणि कोकणची हिरवाई यांत ये-जा करतो. ती हिरवाई परशाची शिल्लक आहे, हे प्रेक्षकाला कळलेले असते. म्हणून साधे झाडही डोळाभर पाहिले जाते. शेवटी काळा चष्मा लावलेला परशा होडीतून घरी परततो. पाणी तेच असते, झाडी तीच असते, आणि ती आता फक्त प्रेक्षकाला दिसत असते.