खोकल्याची आयुर्वेदिक सिरपे : गुण आणि गुणवत्ता

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये परासिया परिसरात जे घडले, ते आपण विसरू शकत नाही. 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधाच्या एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आढळले. मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. पांढुर्णा आणि बैतूल जिल्ह्यांनाही त्याची झळ पोहोचली. तेव्हापासून पांढुर्णा-सौंसरकडील पालक वारंवार विचारतात, "डॉक्टरसाहेब, मग आयुर्वेदिक सिरप देऊ का? त्याचा तर काही अपाय नसतो ना!"

या सिरपांतील वनस्पती निर्गुण नाहीत. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध निघाले. ज्येष्ठमधाने घशाची खवखव शमते. सुंठ, पिंपळी, तुळस यांचा वापर परंपरेने होत आला आहे. परंतु ज्यात गुण आहे, त्यात अपायाचीही शक्यता असते. ज्येष्ठमध अतिप्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते; गर्भवतींनी अडुळसा टाळावा. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो. मध एक वर्षाखालील बाळास मुळीच देऊ नये.

दुसरा मुद्दा गुणवत्तेचा. डायएथिलिन ग्लायकॉल हे कोणत्याही एका उपचारपद्धतीचे विष नव्हे. ते दूषित किंवा भेसळयुक्त द्रावकातून औषधात शिरते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये अशाच दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते. ज्या सिरपात ग्लिसरीन, प्रोपिलिन ग्लायकॉल वा सॉर्बिटॉल वापरले जाते, तेथे हा धोका संभवतो. मग लेबलवर काहीही लिहिलेले असो. शिवाय वनस्पतीतील क्रियाशील घटक जमीन, ऋतू व साठवणुकीनुसार बदलतात. म्हणूनच आयुर्वेदिक उत्पादकांनाही औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू आहे. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकद्रव्ये, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि मुदत यांपैकी काहीही नसेल, तर ती बाटली परत करावी.

साधा विषाणूजन्य खोकला बहुधा एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा टाळावीत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळविले आहे. आयुर्वेदिक सिरपही लहान मुलास वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नये. कोमट पाणी, अंगावरचे दूध आणि एक वर्षावरील मुलास रात्री चमचाभर मध, एवढे बहुतेकदा पुरते. मात्र श्वास मिनिटाला वर्षाखालील बाळात ५०हून वा एक ते पाच वर्षांच्या मुलात ४०हून अधिक असेल, छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर घरी थांबू नये.

बाटलीवरील हिरव्या पानाच्या चित्रावर विसंबू नका, त्यामागील बारीक अक्षरे वाचा. आणि आम्हा डॉक्टरांनीही औषध लिहिण्याइतकाच वेळ, औषध का नको हे समजावण्यास द्यावा.